नकाशातला ओढा

मंडळी, आपण अष्टमीची माणसे. नदीच्या एका काठाला रोहे, दुसऱ्या काठाला आपण. मासा कोठे मिळतो हे आपल्याला कोणी शिकवायचे? पण आजकालची मुले गळ हातात घेण्याआधी मोबाईल घेतात. त्यात नकाशा असतो. तो आम्हीही शिकलो. तुम्हांलाही जमेल. अक्षरे वाचता आली, मग रेघा का नाही येणार?

निळी रेघ म्हणजे पाणी. कुंडलिकेवर बोट ठेवा आणि वर सरका. आधी रोहे, मग कोलाड, मग भिरा. काचेवर दोन बोटे फाकवली की नकाशा मोठा होतो. नदीला मिळणारे लहान ओढे दिसू लागतात. नकाशाऐवजी आकाशातून काढलेला फोटोही पाहता येतो. त्यात खळाळ पांढरा दिसतो, डोह काळसर. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी खोल. मरळ हवी तर संथ पाणी आणि गवताची कड शोधा. ही सोय खरोखर मोठी आहे. पूर्वी असे नकाशे सरकारी कचेरीत असत. आपल्या देशात मोजणीचे सरकारी खाते १७६७ साली निघाले. आता तोच नकाशा खिशात आला.

पण एक गोष्ट ऐका. दोन वर्षांमागे, मे महिन्यात, आम्ही पुतण्याला घेऊन निघालो. नकाशात एक ओढा छान निळा होता. जाऊन पाहतो तर नुसते धोंडे! उन्हाळ्यात आटणारा ओढाही नकाशात बाराही महिने निळाच असतो.

मग आम्ही कोलाडच्या वर नदीवर गेलो. फोटोत पाहिलेला डोह सापडला. पाणी थोडे होते. मधल्या खडकावर बसून गळ टाकला. तासभर बरा गेला. एवढ्यात काठावरून एक कातकरी बाई ओरडली, "ओ गुरुजी, उठा तिथून! पानी सुटला!"

आम्ही उठलो म्हणून वाचलो. काठ गाठेपर्यंत पाणी मांडीला लागले. मागे पाहिले तर खडक नाही. भाकरीचा डबा आणि एक चप्पल गेली. मोबाईल तेवढा पुतण्याच्या खिशात राहिला. त्यातल्या फोटोत खडक अजून कोरडाच होता.

चूक आमचीच. आम्ही मुलांना भूगोल शिकवला आणि हे विसरलो! मुळशीचे धरण घाटावर आहे. तेथले पाणी मोठ्या नळांतून खाली भिऱ्याला येते. वीजघर चालवते आणि कुंडलिकेत पडते. हे वीजघर १९२७ सालचे. त्याच्यामुळे उन्हाळ्यातही कोलाडला नदी वाहते. वीजघर चालले की नदी चढते, थांबले की उतरते. काठच्या माणसाला हे पाठ असते. नकाशाला वेळ कळत नाही.

रीतही कळत नाही. महाडजवळ वाळण कोंड आहे. तेथले मोठे मासे देवीचे मानतात. कोणी धरत नाही. नकाशात तो कोंडही नुसता निळा.

त्या बाईने आम्हांला चहा दिला. आम्ही तिला नकाशा दाखवला. तिने फार बारकाईने पाहिला. वलगणीला, पहिल्या पावसात, मासे कोणत्या ओढ्याने वर चढतात ते बोटाने दाखवले. म्हणाली, "तेव्हा त्यांच्या पोटात गाबोळी असते. खायापुरते धरावे. सगळेच धरले तर पुढल्या साली काय?" मग तिने विचारले, "यात आमची वाडी कुठं हाय?"

आम्ही शोधली. वाडी नव्हती. ओढा होता, रस्ता होता, पर्यटकांची हॉटेले होती. तिची वाडी नव्हती. आम्हांला बोलवेना.

पुतण्याने सांगितले, "काका, नाव आपल्याला घालता येते." त्याने वाडीचे नाव लिहून पाठवले. काही दिवसांनी ते दिसू लागले. तो मग डोहावरही खूण करणार होता. बाईने त्याचा हात धरला. "ते नको रे बाबा. उद्या मुंबईच्या गाड्या येतील. आमी काय खायाचा?"

वाडीचे नाव आता नकाशात आहे. त्या डोहावर खूण नाही. आणि तो कोठे आहे हे आम्ही तुम्हांलाही सांगणार नाही.