शरीराचा ओळंबा



गवंड्याला भिंत सरळ आहे कीं नाहीं हें पाहावयाचें असलें म्हणजे तो ओळंबा सोडतो. आपण ताठ उभे आहोंत कीं कललों आहोंत, हें मात्र आपणांस कांहींएक न करतां कळतें. मनुष्याचा हा ओळंबा आहे तरी कोठें?

खरें पाहतां येथें एक नव्हे, तीन साक्षीदार आहेत. पहिला डोळा. भिंती, खांब, दारांच्या चौकटी पाहून तो उभें-आडवें ठरवितो. दुसरा कान. कानाच्या अगदीं आंत द्रवानें भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. डोकें फिरलें कीं त्यांना कळतें. शेजारींच दोन इवल्या पिशव्या असून त्यांतील सूक्ष्म केसांवर चुन्याच्या जातीचे बारीक खडे असतात. डोकें कललें कीं खडे आपल्या भारानें सरकतात, केस वांकतात व मेंदूला वर्दी जाते. तिसरा साक्षीदार म्हणजे पायांचे तळवे, सांधे आणि स्नायु. भार कोणत्या बाजूस पडतो आहे हें ते सांगतात.

पाय जुळवून उभे राहा आणि डोळे मिटा. जवळ कोणी तरी असूं द्यावें. शरीर किंचित् झुलूं लागेल, पण निरोगी माणूस पडणार नाहीं. ज्याच्या पायांची वर्दी मेंदूपर्यंत पोंचत नाहीं, तो मात्र डोळे मिटतांच कोसळूं लागतो. बर्लिनचे वैद्य मोरित्झ रोंबर्ग यांनीं १८४० नंतरच्या दशकांत हें लक्षण नोंदविलें. आजही त्यांच्याच नांवानें ही परीक्षा घेतली जाते. असे रोगी तोंड धुतांना डोळे मिटले कीं पुढें झुकतात.

कानाची साक्षही सदैव खरी नसते. मुली फुगडी घालून थांबल्या कीं घर फिरूं लागतें. कारण शरीर थांबलें तरी नलिकांतील द्रव क्षणभर फिरतच असतो. विमान सारखें एका बाजूस कलून वळत राहिलें, तर थोड्याच वेळांत कानाला तें वळण जाणवेनासें होतें, आणि विमान सरळच चाललें आहे असें वाटतें. म्हणून रात्रीं वैमानिकानें अंगाच्या जाणिवेवर नव्हे, यंत्रांवर भरंवसा ठेवावा लागतो.

पण यंत्रच फसलें तर? १ जानेवारी १९७८ रोजीं रात्रीं मुंबईहून दुबईस निघालेलें एअर इंडियाचें विमान उजवीकडचें वळण घेऊन सरळ झालें होतें. मुख्य वैमानिकापुढील यंत्र मात्र तें कललेलेंच दाखवीत राहिलें. बाहेर काळोख आणि समुद्र, क्षितिज दिसेना. विमान सरळ करावयाचें म्हणून तें डावीकडे झुकविलें गेलें, तें अधिकाधिक कललें आणि वांद्र्याच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रांत कोसळलें. आंतील २१३ माणसांपैकीं कोणीही वांचलें नाहीं. यंत्र खोटें सांगत आहे असें ठामपणें म्हणेल, असा साक्षीदार त्या काळोखांत शरीराजवळ नव्हता.

श्रोतेहो, असा काळोख आपल्या घरांतही असतो. वय वाढतें तसे तिन्ही साक्षीदार मंदावतात. नजर अधू होते, कानांतील जाणीव बोथट होते, मधुमेह असल्यास तळवे बधिर होतात. अशी आजी किंवा आजोबा मध्यरात्रीं उठतात आणि दिवा न लावतां न्हाणीघराकडे निघतात. उरलासुरला डोळ्याचा आधारही त्या वेळीं नाहींसा झालेला असतो. एखादी सतरंजी पायांत येते, खुब्याचें हाड मोडतें, आणि चालता-फिरता माणूस अंथरुणास खिळतो. घरचीं माणसें म्हणतात, "तोल गेला!" तोल गेला खरा, पण त्याआधीं दिवा गेला होता.

यास उपाय साधेच आहेत. वाटेवर रात्रभर मंद दिवा असूं द्यावा. उठतांना क्षणभर खाटेच्या कांठावर बसून मग उभें राहावें. न्हाणीघरांत धरावयास भक्कम दांडा बसवावा. वाटेंतील सतरंज्या गुंडाळून ठेवाव्या. आणि कोणी "अलीकडे अंधारांत चालतांना झोंक जातो" असें म्हणालें, तर तें म्हातारपणाचें गाऱ्हाणें समजून सोडूं नये; डॉक्टरांस अवश्य दाखवावें.

भिंत कलली तर गवंडी ती पाडून पुन्हां बांधतो. माणसाच्या बाबतींत ती सोय नाहीं. आज निजण्यापूर्वीं आपल्या घरांतील ती वाट एकदां अंधारांत पाहून घ्या, आणि तेथें दिवा लावा.