औषधाचा भाव कोणीं ठरवावा?



गांवांत विहीर खणली म्हणजे पाण्याची सोय झाली असें आपण म्हणतों. पण पोहरा कोणाच्या हातांत आहे व शेवटीं कोणाला उभें राहावें लागतें, हें पाहिल्यावांचून सोय कोणाची झाली तें कळत नाहीं. औषधाचेंहि तसेंच आहे. याचा दाखला आम्ही आपल्या पुण्याचाच देणार आहों.

आफ्रिका खंडांत सेनेगालपासून इथिओपियापर्यंत २६ देशांचा एक पट्टा आहे. तेथें कोरड्या हंगामांत मेंदूज्वराची सांथ येई. १९९६-९७ सालीं अडीच लाखांच्या घरांत माणसें आजारी पडलीं व सुमारें २५,००० मेलीं. या रोगावर लस करणें विद्येला अशक्य होतें काय? मुळींच नाहीं. परंतु गरीब गिऱ्हाइकासाठीं कारखाना चालविण्यास मोठ्या कंपन्या राजी होईनात.

२००१ सालीं जागतिक आरोग्य संघटना व पाथ ही संस्था यांनीं हें काम हातीं घेतलें. त्यांनीं आफ्रिकेच्या लोकांस आधीं विचारलें कीं, तुम्हांला परवडेल काय? उत्तर आलें, एका टोचणीला अर्ध्या डॉलरहून कमी. भाव आधीं ठरला, लस करणारा मग शोधला; आणि तो आपल्या हडपसरास सांपडला. सीरम इन्स्टिट्यूटनें त्या भावांत लस करून दिली. डिसेंबर २०१० मध्यें बुर्किना फासो देशांत ती प्रथम मोठ्या प्रमाणावर टोंचली गेली. पुढें तीस कोटींहून अधिक लोकांस ती मिळाली. रोगाचे इतर जंतु अजून आहेत. पण ज्या ‘अ’ जातीवर ही लस होती, तिचा २०१७ नंतर त्या पट्ट्यांत एकहि रोगी नोंदला गेला नाहीं.

आतां दुसरी बाजू पाहा. २४ फेब्रुवारी २०२१ रोजीं पुण्यांत झालेले कोरोना लसीचे सहा लाख डोस घाना देशांत पोंचले. पुढच्याच महिन्यांत आपल्याकडे सांथ भडकली, निर्यात थांबली, ती नोव्हेंबरपर्यंत. आपल्या घराला आग लागली असतां पाणी घरींच वापरलें, यांत नवल नाहीं. पण श्रीमंत राष्ट्रांनीं माणशीं कित्येक डोस आधींच राखून ठेविले होते. आणि आफ्रिकेला तर शेंकडा ९९ लसी बाहेरूनच आणाव्या लागत. वर्ष संपलें तेव्हां तेथें दहांत एकालाहि पुरी लस मिळाली नव्हती. दुसऱ्याच्या दयेवर राहणाऱ्याचा नंबर नेहमीं शेवटचा!

हें आम्हांला नवें नाहीं. १८९७ च्या प्लेगांत याच हडपसराच्या बाजूला सावित्रीबाई फुले व त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव यांनीं दवाखाना चालविला. प्लेगावर तेव्हां खात्रीचें औषध नव्हतें. तरी रोग्याची जात किंवा ऐपत न विचारतां त्याला दवाखान्यापर्यंत आणणें, हेंच बाईंनीं आपलें काम मानलें. आणि त्याच रोगानें १० मार्च रोजीं त्यांचा अंत झाला.

आज औषधें आहेत, मोठमोठीं रुग्णालयेंहि आहेत. धर्मादाय रुग्णालयांनीं शेंकडा १० खाटा निर्धनांस फुकट व १० दुर्बळांस सवलतीनें द्याव्या, अशी योजना उच्च न्यायालयाच्या हुकुमानें २००६ पासून चालूं आहे. जिवावरचा प्रसंग असेल तर अनामत रकमेसाठीं रोग्याला दारांत अडवितां येत नाहीं. पण आपल्यांतील किती घरांस हें ठाऊक आहे? सावकाराकडे दागिना ठेवण्यापूर्वीं रेशनकार्ड व तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन जा, खाट मागा. नाकारल्यास धर्मादाय आयुक्तांकडे लेखी तक्रार करा. वाचतां येणाऱ्यानें शेजाऱ्याचा अर्ज लिहून द्यावा.

आफ्रिकेच्या लोकांनीं आपणांस परवडेल तो भाव सांगितला, म्हणून त्यांचीं मुलें वांचलीं. आपणहि मुकाट्यानें शेवटीं उभे न राहतां तोंड उघडलें पाहिजे. ही भीक नव्हे, हक्क आहे.