नाताळचे यक्ष आणि त्यांची सत्ता

हिंजवडीचा म्हातोबा आपल्या जागीं आहे. भोंवतालचें गांव मात्र ओळखूं न येण्याइतकें बदललें आहे. एके काळीं शेतीवाडीचें असलेलें हें पुण्याच्या पश्चिमेचें गांव आज संगणकाच्या कचेऱ्यांमुळें जगास माहीत झालें आहे. डिसेंबर उजाडला म्हणजे तेथील कांचेच्या इमारतींत नाताळचीं झाडें उभीं राहतात, त्यांवर कापसाचें हिम पसरतें, आणि टोकदार टोप्या घातलेले कागदी बुटके भिंतींवर टांगले जातात. चैत्रांत म्हातोबाचें बगाड पाहिलेलें मूल डिसेंबरांत हे बुटके पाहतें, आणि आईबापांस साहजिकच विचारतें: हे देव कीं भुतें? आणि यांचा राजा कोण?

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाहीं. सन १८२३ मध्यें अमेरिकेंतील ट्रॉय गांवच्या एका वृत्तपत्रांत नाताळच्या रात्रीवर एक निनांवी कविता प्रसिद्ध झाली. इंग्रजींत ज्यास एल्फ म्हणतात तो, म्हणजे एक ठेंगणा, गुबगुबीत यक्ष, हेंच त्या कवितेंतील सांताचें रूप आहे. त्याची गाडी इवलीशी, हरणेंहि इवलींशीं. पुढें सन १८७३ मध्यें ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकानें सांताच्या कारखान्याचें चित्र छापलें. त्यांत सांता मध्यभागीं आहे, आणि यक्ष त्याच्या भोंवतीं राबत आहेत! अवघ्या पन्नास वर्षांत यक्षाचा कारखानदार झाला, आणि त्याचे जातभाई मजूर झाले. हिंजवडीच्या कचेऱ्यांतून रात्रपाळी करणाऱ्यांस या चित्राचें मर्म सांगावयास नको.

वस्तुतः उत्तर युरोपांतील हे यक्ष कोणाचेच चाकर नव्हते. स्वीडनमधील टोमटे हा शेतकऱ्याच्या वाड्याचा राखणदार. नाताळच्या रात्रीं त्याच्यासाठीं लोण्याचा गोळा घातलेली लापशी ठेवावयाची, आणि ती चुकली तर त्याचा कोप सोसावयाचा. कोंकणांतील माणसास हें नवल वाटणार नाहीं. वेंगुर्ल्याजवळ आरवली येथें वेतोबास चामड्याच्या भल्या मोठ्या वहाणा वाहतात. देव रात्रीं राखणीस हिंडतो म्हणून त्या झिजतात, अशी भाविकांची श्रद्धा आहे. राखणदाराची सत्ता त्याच्या हद्दीपुरती असते, परंतु त्या हद्दींत ती पुरी असते.

हद्दींची ही कल्पना घेऊन लायमन फ्रँक बॉम या अमेरिकन लेखकानें सन १९०२ मध्यें ‘दि लाइफ अँड अॅडव्हेंचर्स ऑफ सांता क्लॉज’ ही अद्भुत कादंबरी लिहिली. ओझच्या जादुगाराची त्याची प्रख्यात कथा त्याआधीं दोनच वर्षें निघाली होती. बर्झीच्या अरण्यांत एक टाकून दिलेलें मानवी मूल सांपडतें; एक वनदेवता तें वाढवितें, आणि त्याचें नांव क्लॉज असें पडतें. या अरण्यांत सत्तेची वांटणी ठरलेली आहे. नूक नांवाचे यक्ष पशूंचे पालक, रिल नांवाचे फुलांचे व वनस्पतींचे, पऱ्या मनुष्यांच्या, आणि सर्व अरण्यांचा अधिपति अॅक. क्लॉज मोठा होऊन लांकडाची मांजर कोरतो, मुलांस खेळणीं वांटूं लागतो, आणि येथेंच वैर उत्पन्न होतें. ऑग्वा नांवाचे दुष्ट जीव मुलांस हट्ट व वाईट वर्तन शिकवीत; खेळण्यांत रमलेलें मूल त्यांचें ऐकेना. म्हणून ते खेळणीं पळवितात. अॅक युद्ध पुकारतो. ऑग्वांच्या साह्यास अजगर, राक्षस, पिशाच्चें सर्व येतात, आणि पराभव पावतात.

हा युद्धप्रसंग कादंबरींतील सर्वांत फिका भाग म्हटला पाहिजे. अमरांस मरण नाहीं हें वाचकास अगोदरच ठाऊक असतें, तेव्हां भय तें कसलें? बॉमची खरी करामत युद्धांत नसून परवानगीच्या प्रकरणांत आहे. गाडीस हरणें हवींत. पण तीं नूकांच्या ताब्यांतील. क्लॉजला त्यांच्या प्रमुखाकडे रदबदली करावी लागते. वर्षांतून एकच रात्र मिळेल, आणि उजाडण्यापूर्वीं हरणें परत आलीं पाहिजेत, असें ठरतें. प्रमुख नाताळची रात्र नेमून देतो, ती ती अगदीं तोंडावर आली आहे म्हणून! खेळणीं तर ऑग्वांनीं पळविलेलीं. तेव्हां यंदाची फेरी आपोआप चुकेल, असा त्याचा हिशेब असतो. पऱ्या चोरलेलीं खेळणीं शोधून आणतात आणि तो हिशेब फसतो. सरकारी कचेरींत खेटे घातलेल्या कोणत्याहि गृहस्थास हा नूक ओळखीचा वाटेल.

पुढें क्लॉज वृद्ध होतो. मृत्यु त्याच्या दारीं येतो. अमरत्वाचें वस्त्र विश्वांत एकच आहे, आणि युगानुयुगें तें कोणासहि दिलेलें नाहीं. अॅक सभा बोलावतो. शेतांचा अधिपति व समुद्राचा अधिपति हेहि येतात. एका मर्त्याला आपल्या पंक्तीस बसवावें काय, हा तेथें प्रश्न असतो. जन्मानें अमर असलेल्यांनीं कष्टानें थोर झालेल्यास जागा देणें, ही गोष्ट पृथ्वीवर क्वचितच घडते. म्हणून हें प्रकरण प्रौढानेंहि वाचावें असें झालें आहे.

 बॉमच्या सांताला शेवटीं चार साहाय्यक मिळतात. ते मदतनीस आहेत, गुलाम नव्हेत. त्यांचीच परीक्षा सन १९०४ च्या एका लघुकथेंत होते. गुहांत राहणारे पांच दैत्य असतात: स्वार्थ, मत्सर, द्वेष, दुष्टावा आणि पश्चात्ताप. सांता असेपर्यंत मुलें त्यांच्या गुहांकडे फिरकत नाहींत, म्हणून ते त्यास ऐन नाताळच्या रात्रीं फांस टाकून पळवितात. चौघे साहाय्यक न डगमगतां गाडी पुढें हांकतात, पण घाईंत घोटाळे होतात. बाहुली मागणाऱ्या मुलीस ढोल मिळतो, आणि पावसाळी बूट मागणाऱ्या मुलास शिवणाची पेटी. इकडे पश्चात्ताप सांतास सोडून देतो. सांता परत येतो तों काम जवळजवळ झालेलें असतें. त्याच्या वांट्यास उरतें तें फक्त त्या मुलीची बाहुली आणि त्या मुलाचे बूट बदलून देणें.