कलादालनाची भिंत आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य

(जबलपूर येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



स्वातंत्र्याच्या संदर्भात जबलपूरचे नाव दोन ठिकाणी येते. त्यांपैकी ‘एडीएम जबलपूर’ हा २८ एप्रिल १९७६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल प्रत्येक परीक्षार्थीला माहीत असतो. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्या नागरिकाला सुटकेसाठी न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही, असे बहुमताने ठरले. न्या. ह. रा. खन्ना यांनी एकट्याने भिन्न मत नोंदविले. २०१७ मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात न्यायालयाने तो जुना निकाल चुकीचा ठरविला.

दुसरा संदर्भ अभ्यासात क्वचितच येतो. संविधानाच्या मूळ हस्तलिखितातील उद्देशिकेचे पान नंदलाल बोस यांचे शिष्य, जबलपूरचे चित्रकार ब्यौहार राममनोहर सिन्हा यांनी सजविले. ‘राम’ ही त्यांची छोटी स्वाक्षरी त्या पानावर आहे. येथील शहीद स्मारकाच्या भिंतींवरही त्यांची चित्रे आहेत. अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचे वचन देणारे पान एका चित्रकाराच्या हातून सजले. ते वचन चित्रकारापर्यंत कोणत्या व्यवस्थेतून पोहोचते, हा आजचा विषय आहे.

भिंत थोडी, चित्रे फार

कलम १९ (१) (क) नागरिकाला अभिव्यक्तीचा हक्क देते. प्रदर्शनासाठी भिंत देत नाही. भिंत ही दुर्मीळ साधनसामग्री आहे आणि तिचे वाटप कोणत्या तरी नियमाने करावे लागते. कलादालनाचा वार्षिक कार्यक्रम म्हणजे हेच वाटप होय.

त्याच्या तीन प्रमुख पद्धती दिसतात. पहिली अर्जाची. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून १९५२ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या जहांगीर कलादालनात अर्ज, निवड, भाडे आणि प्रतीक्षायादी या मार्गाने चित्रकाराला साधारणतः आठवडाभर जागा मिळते. नवोदिताला येथे संधी असते, परंतु भाडे व वर्षानुवर्षांची प्रतीक्षा अनेकांना परवडत नाही.

दुसरी पद्धत शोधाची. १३ फेब्रुवारी १९८२ रोजी भोपाळमध्ये भारत भवन सुरू झाले. तेथील ‘रूपंकर’ संग्रहालयाचे संचालक जगदीश स्वामीनाथन यांनी अर्जांची वाट न पाहता तरुणांची पथके खेडोपाडी पाठविली. जबलपूरपासून फार दूर नसलेल्या, तेव्हाच्या मंडला जिल्ह्यातील पाटनगढ गावी घराच्या भिंतीवरील चित्रांतून जनगढसिंह श्याम हा गोंड तरुण त्यांना सापडला. ‘रूपंकर’मध्ये आदिवासी कला व आधुनिक कला यांना एकाच छताखाली समान मान मिळाला. ज्याला अर्ज करता येतो हेच ठाऊक नाही, त्याच्यासाठी शोध हेच स्वातंत्र्याचे पहिले साधन असते.

तिसरी पद्धत सल्लागार समितीची. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा १९९६ मध्ये सुरू झाली. तेथील कार्यक्रम ठरविण्यात स्थानिक कलावंतांच्या समितीचा वाटा असे.

समिती नसते तेव्हा

फेब्रुवारी २०१९ मध्ये याच संग्रहालयात प्रभाकर बर्वे यांच्या प्रदर्शनाचे उद्घाटन होते. चित्रकार व अभिनेते अमोल पालेकर यांनी भाषणात स्थानिक सल्लागार समित्या उरल्या नसल्याबद्दल आणि निर्णय दिल्लीतून होणार असल्याबद्दल चिंता व्यक्त केली. बर्वे यांच्या कलेपुरतेच बोलावे, असे सांगून त्यांना भाषणाच्या ओघात अडविण्यात आले. या घटनेची देशभर चर्चा झाली. मेहली गोभाई आणि सुधीर पटवर्धन यांच्या नियोजित सिंहावलोकनी प्रदर्शनांचे काय होणार, हाही प्रश्न होता. पुढे पटवर्धनांचे प्रदर्शन २०१९ च्या अखेरीस व गोभाईंचे २०२० मध्ये त्याच वास्तूत झाले.

या घटनेतून नियोजनाचा धडा मिळतो. सिंहावलोकनी प्रदर्शनासाठी खासगी संग्राहकांकडील चित्रे शोधणे, ती उसनी मिळविणे, विमा, वाहतूक, मांडणी व सूचिपुस्तिका यांत दीर्घ काळ जातो. निर्णय घेणारी यंत्रणा काही महिने जागेवर नसली, तर परिणाम दोन वर्षांच्या कार्यक्रमावर होतो. कोणी बंदी घातलेली नसतानाही भिंत रिकामी राहू शकते.

भीतीचे अर्थशास्त्र

धाडसी प्रदर्शनाचा लाभ समाजात विखुरतो. हजारो प्रेक्षकांना थोडे थोडे नवे पाहायला मिळते. त्याच प्रदर्शनावर गदारोळ झाला तर त्याची संपूर्ण किंमत एकटा अधिकारी मोजतो. लाभ सर्वांचा आणि जोखीम एकाची, अशी विभागणी असली की अधिकारी नको तितका सावध होतो. अर्थशास्त्राच्या भाषेत, बाह्य लाभ असलेल्या वस्तूचे उत्पादन गरजेपेक्षा कमी होते. स्वयंनियंत्रण म्हणतात ते बहुधा याच हिशेबातून जन्मते.

यावर उपाय जोखीम वाटून घेण्याचा. निश्चित मुदतीची आणि मुदत संपण्यापूर्वीच नव्याने नेमली जाणारी समिती, निवडीचे जाहीर निकष, नकाराची लेखी कारणे, अनुदान देणारा व चित्र निवडणारा यांच्यात अंतर, आणि तक्रार आली तरी सुनावणीपूर्वी चित्र न उतरविण्याचा नियम, एवढी तरतूद असली की अधिकाऱ्याला एकट्याने शूर व्हावे लागत नाही.

कायद्याचा आधार

१९५४ मध्ये जहांगीर कलादालनातील प्रदर्शनातून ‘लव्हर्स’ मालिकेतील दोन चित्रे उतरविण्यास अकबर पदमसी यांनी नकार दिला. अश्लीलतेचा खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. तेव्हाचे भारतीय दंड संहितेचे कलम २९२ आज भारतीय न्याय संहितेत कलम २९४ झाले असून, कलेच्या हितासाठी असलेल्या प्रकाशनाला त्यात अपवाद आहे. २०१४ च्या अवीक सरकार निकालाने जुनी ‘हिकलिन’ कसोटी सोडून समकालीन समाजाची दृष्टी आणि कृतीचा समग्र संदर्भ यांना महत्त्व दिले. निदर्शनांची धमकी हे अभिव्यक्ती दडपण्याचे कारण होऊ शकत नाही, असे एस. रंगराजन प्रकरणात १९८९ मध्येच स्पष्ट झाले आहे.

कलम १९ (२) मधील वाजवी निर्बंध आहेतच. मात्र ते कायद्याने घालायचे असतात. पदमसी न्यायालयात जिंकले. पण प्रत्येक चित्रकाराला खटला लढविण्याइतके बळ नसते आणि जे चित्र निवडलेच गेले नाही त्याचा खटलाही होत नाही. म्हणून उद्या आपल्यापैकी कोणी प्रशासनात गेले आणि एखाद्या संग्रहालयाची किंवा नगरपालिकेच्या कलादालनाची फाइल समोर आली, तर आधी दोन गोष्टी तपासाव्यात : समितीची मुदत कधी संपते आणि नकाराचे कारण लिहिले आहे काय. उद्देशिकेच्या पानावर जबलपूरच्या चित्रकाराने काढलेल्या वेलबुट्टीचा मान अशा साध्या नोंदींतूनही राखला जातो.