पटिभान : जागेवर सुचलेले गीत



शिरूर आणि दौंड तालुक्यांत, भीमेच्या काठच्या गावांतून, गायन पार्ट्यांचा सामना ज्यांनी रात्र जागून ऐकला आहे त्यांना एक गोष्ट ठाऊक आहे. समोरच्या गायकाने सवाल टाकला की त्याचे उत्तर वहीत सापडेलच असे नाही. ढोलकी थांबत नाही, पेटी चाल सोडत नाही, कोरस ध्रुवपद ओढून धरतो आणि तेवढ्या अवधीत पुढचे कडवे जुळवावे लागते. चार बुके शिकलेली माणसे अशा गाण्याला कमी लेखतात. यमकाला यमक जोडले म्हणतात. आम्हांला हे मान्य नाही. आणि आमचा आधार तिपिटकातला आहे.

संयुत्तनिकायात वंगीस नावाच्या भिक्खूची एक कथा आहे. श्रावस्तीच्या जेतवनात साडेबाराशे भिक्खूंपुढे तथागतांचे प्रवचन झाले. वंगीसांनी परवानगी मागून तेथेच गाथांमधून स्तुती केली. तेव्हा भगवंतांनी विचारले, या गाथा आधी रचून आणल्या होत्या की आताच सुचल्या? वंगीस म्हणाले, आताच सुचल्या. त्यावर भगवंतांनी, मग आणखी न रचलेल्या गाथा होऊ द्या, असे सांगितले. या प्रतिभेला पालीत पटिभान म्हणतात आणि तिच्यात वंगीस अग्रगण्य मानले गेले. अंगुत्तरनिकायात कवींचे चार प्रकार सांगितले आहेत, त्यांत पटिभानकवी हा एक आहे.

मात्र विद्यार्थ्यांनी यावरून तयारी नको असा अर्थ काढू नये! हेच वंगीस पूर्वायुष्यात काव्याच्या धुंदीत गावोगाव फिरलेले होते. वृत्त त्यांच्या अंगात मुरले होते. शिवाय त्या दिवशी ते प्रवचन मन लावून ऐकत होते. जो ऐकत नाही त्याला आयत्या वेळी काय सुचणार?

आपल्याकडे वामनदादा कर्डकांचे उदाहरण घ्या. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे 1922 साली जन्म. शाळा नाही, अक्षरओळख मुंबईत मोठेपणी झाली. 1943 पासून ते गीते रचू लागले आणि 2004 साली निधन होईपर्यंत गावोगाव गात राहिले. लोकांच्या ओठांवरच्या चाली, कष्टकऱ्यांची बोली आणि बाबासाहेबांचा विचार, हा त्यांचा साठा होता. असा साठा असला म्हणजे शब्द वेळेवर येतो.

आता आमची खरी तक्रार. वंगीसांच्या गाथा संघाने पाठ केल्या, म्हणून त्यांच्या नावाचे बारा सुत्तांचे संयुत्त आज वाचता येते. आपल्या सामन्यांत रात्री सुचलेले कडवे मात्र पहाटे मांडव उतरताना संपते. वामनदादांचीही कितीतरी गीते सुट्या कागदांवर आणि गायकांच्या वह्यांत विखुरली. आज मोबाईलवर ध्वनिमुद्रण होते खरे, परंतु महिन्याभरात ते पुसलेही जाते. डी.जे. लावणाऱ्या मंडळांना तर पुसण्यासारखेही काही उरत नाही, ते असो.

म्हणून संस्थेच्या कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे की, 14 एप्रिलच्या कार्यक्रमात पेटीवाल्याशेजारी एक विद्यार्थी वही घेऊन बसवावा. साधी शंभर पानी वही चालेल. प्रत्येक कडव्यापुढे गाव, तारीख, चाल, गायकाचे नाव आणि ते कोणत्या सवालाचे उत्तर होते, एवढे लिहावे.