रस्त्याचे आयुष्य तळमातीत
(पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर केलेले भाषण)



रस्ता तयार झाला की आपण वरचे डांबर पाहतो. ते गुळगुळीत दिसले म्हणजे काम उत्तम झाले, असा आपला समज असतो. वस्तुतः गाडीचा भार डांबर, खडी व मुरूम यांच्यातून पसरत अखेरीस जमिनीवर येतो. ग्रामीण रस्त्यांत या जमिनीचा वरचा सुमारे ३० सेंटिमीटरचा थर दाबून पक्का करावयाचा असतो. हीच तळमाती. ती कच्ची राहिली तर वरचा सारा खर्च वाया जातो.

दख्खनच्या पठारावर बेसॉल्ट खडकापासून झालेली काळी माती कापसाला व ज्वारीला वरदान आहे. रस्त्याला मात्र ती जाचक ठरते. ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. शिक्षकांना हे शाळेत दाखविता येईल. सुकी, चाळलेली माती सारख्या मापाने दोन नळ्यांत घ्यावी; एकीत पाणी, दुसरीत रॉकेल ओतून एक दिवस ठेवावे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून दोहोंतील फरक स्पष्ट दिसतो. अभियंतेही हीच कसोटी लावतात.

तळमातीची भार सोसण्याची शक्ती मोजताना नमुना चार दिवस पाण्यात ठेवतात. प्रमाण खडीची शक्ती १०० धरली, तर भिजलेल्या काळ्या मातीची पुष्कळदा २ ते ३ एवढीच भरते. म्हणून तेथे मुरमाचा भराव घालतात, किंवा मातीत चुना मिसळून फुगवटा कमी करतात.

दबाईचेही शास्त्र आहे. अमेरिकन अभियंता प्रॉक्टर यांनी १९३३ साली दाखवून दिले की, ठरावीक दबाईसाठी प्रत्येक मातीचा एक योग्य ओलावा असतो व त्याच ओलाव्यावर ती सर्वाधिक घट्ट बसते. कोरडी माती नीट दबत नाही. चिखल रोलरखालून सरकतो.

यास्तव खडी पसरण्यापूर्वीच सदस्यांनी तीन प्रश्न विचारावेत. मातीची चाचणी झाली काय? भराव पातळ थरांनी, पाणी शिंपडून दाबला काय? दाबलेल्या थराची घनता मोजली काय? एकदा खडी पडली की उणीव झाकली जाते व पुढे रस्ता उकरावा लागतो.

प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत बांधणीनंतर पाच वर्षे देखभालीची जबाबदारी कंत्राटदारावर असते. परंतु गटार बुजू न देणे गावाच्याच हाती आहे. शेतात गाडी उतरविण्यासाठी नळी न घालताच गटारात माती भरली, तर पाणी तुंबून तळमातीत मुरते आणि रस्ता कडेपासून खचू लागतो. ग्रामसभेने पावसाळ्यापूर्वी गटारे व मोऱ्या मोकळ्या करून घ्याव्यात. भर पावसात बाळंतिणीला दवाखान्यात नेणारी गाडी गावाबाहेर रुतू नये, एवढ्यासाठी तरी हे काम दरवर्षी झाले पाहिजे.