गीता आपल्या आजोळी



रोह्याजवळून वाहणारी कुंडलिका रेवदंड्याला समुद्राला मिळते. या एकाच नदीच्या काठी दीड वर्षाच्या आत दोन पुरुष जन्माला आले. १९ ऑक्टोबर १९२० रोजी रोह्यात पांडुरंगशास्त्री आठवले आणि १ मार्च १९२२ रोजी रेवदंड्यात नारायण विष्णू धर्माधिकारी. एकाने गीता हाती घेतली, दुसऱ्याने दासबोध. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याला या बाबतीत विलक्षण भाग्य लाभले, कारण विनोबांचा जन्मही त्याआधी, १८९५ मध्ये, पेण तालुक्यातील गागोद्याचाच. नानासाहेबांच्या बैठकांचा विचार स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. आज विचार करावयाचा आहे तो पांडुरंगशास्त्र्यांच्या, म्हणजे दादांच्या, एका प्रयोगाचा.

वडील वैजनाथशास्त्री यांनी १९२६ साली मुंबईच्या माधवबागेत श्रीमद्भगवद्गीता पाठशाळा सुरू केली होती. १९४२ पासून तेथील व्यासपीठ दादांनी सांभाळले. १९५४ मध्ये ते जपानमधील जागतिक धर्मपरिषदेस गेले आणि तेथे त्यांनी गीतेचा विचार मांडला. त्या वेळी त्यांना विचारण्यात आले, असे सांगतात, की या तत्त्वज्ञानाप्रमाणे जगणारा एखादा समाज आपल्या देशात आहे काय? प्रश्न साधा होता, पण जिव्हारी लागणारा होता. विद्वत्तेने त्याचे उत्तर देता येत नाही. ते माणसे घडवूनच द्यावे लागते.

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस स्वाध्यायींच्या भक्तिफेऱ्या सुरू झाल्या. पदरचा खर्च करावयाचा, शिदोरी आपली आपण न्यावयाची, गावाकडून काहीही घ्यावयाचे नाही. घरोघर जाऊन सांगावयाचे ते एवढेच, की तुमच्या हृदयात भगवंत वसतो. गीतेच्या पंधराव्या अध्यायाचे ते सार आहे. मद्य सोडा असा उपदेश प्रथम करावयाचा नाही. ज्या देहात देव राहतो तेथे काय घालावे, हे ऐकणाराच कालांतराने ठरवील, असा तो विश्वास होता. सुधारकाची वाणी आणि बंधूची वाणी यांत फरक पडतो तो येथेच. पहिल्याला दोष आधी दिसतो, दुसऱ्याला माणूस.

कोळीवाड्यात हा विचार पोहोचला तेव्हा त्याला 'मत्स्यगंधा' हे रूप आले. नाव मोठ्या विचाराने ठेवलेले आहे. मत्स्यगंधा म्हणजे सत्यवती, दाशराजाची कन्या, होडी वल्हवणारी मुलगी. तिचेच पुत्र कृष्णद्वैपायन व्यास. ज्या महाभारतात गीता आहे त्याच्या कर्त्याचे आजोळ कोळीवाड्यात होते! असे असता त्याच वस्तीने शतकानुशतके गीता दुरूनही ऐकू नये, ही हिंदू समाजाची केवढी विस्मृती! दादांनी कोळ्यांना नवीन काही दिले नाही. आजोळची ठेव आजोळी नेऊन पोहोचविली, इतकेच.

मच्छीमारीचा व्यवहार ज्यांना ठाऊक आहे त्यांना या प्रयोगाचे मर्म चटकन कळेल. एरवी मासळी बंदरावर आली की तिचे वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, खलाशांचा वाटा. शिवाय ज्याने आधी उचल दिली त्याचे देणे असतेच. मत्स्यगंधेला मात्र मालक नाही. ही होडी योगेश्वराची. स्वाध्यायी कोळी पाळीपाळीने तिच्यावर जातात आणि ज्या दिवशी आपली पाळी, त्या दिवसाचे श्रम देवाला वाहतात. येणाऱ्या उत्पन्नाला 'अपौरुषेय लक्ष्मी' म्हणतात. ती कोणा पुरुषाची नव्हे, म्हणून तिच्यातून गरजवंताला जे जाते ते दान ठरत नाही. तो प्रसाद असतो. देणारा दिसत नाही, त्यामुळे घेणाऱ्याची मान खाली जात नाही. ज्या घरातील कर्ता पुरुष दर्यावरून परतलाच नाही, त्या घराच्या दाराशी मदत कशी पोहोचते यावर त्या घरातील मुलांचा स्वाभिमान अवलंबून असतो. आपल्या सेवाकार्यांच्या छायाचित्रांत घेणाऱ्याचा चेहरा किती वेळा येतो, हे या संदर्भात कार्यकर्त्यांनी एकदा तपासून पाहावे.

हाच न्याय योगेश्वर कृषीत आहे. तेथे शेतावर पाळीने राबणाऱ्याला पुजारी म्हणतात. नांगर धरणाऱ्या, वल्हे मारणाऱ्या हाताला पुजाऱ्याची प्रतिष्ठा मिळाली, आणि त्यासाठी कोणाच्याही जातीचा उच्चार करावा लागला नाही. स्वकर्माने ईश्वराचे पूजन करावे, हे गीतेने अठराव्या अध्यायात सांगितलेच आहे. पण ते कीर्तनात ऐकणे वेगळे आणि पहाटे भरतीची वेळ साधून, झोप मोडून, पोटासाठी नव्हे म्हणून होडी लोटणे वेगळे.

येथे एक शंका रास्त आहे. ही श्रद्धा विचारावर होती की एका तेजस्वी पुरुषावर? २५ ऑक्टोबर २००३ रोजी दादांचे देहावसान झाले. त्यानंतर स्वाध्याय परिवारालाही मतभेदांचे कटू दिवस पाहावे लागले, हे लपविण्याचे कारण नाही. व्यक्तीवरील प्रेम कार्य उभे करते, आणि तेच प्रेम पुढे कार्याची कसोटीही पाहते. डॉक्टर हेडगेवारांनी गुरुस्थानी व्यक्ती न ठेवता भगवा ध्वज ठेवला आणि १९२८ पासून त्यापुढे गुरुदक्षिणा सुरू झाली, यामागे हीच दूरदृष्टी होती. बंद पाकिटात कोणी किती ठेवले याची तेथे चर्चा नसते. निनावी मासळी आणि निनावी दक्षिणा यांचे गोत्र एकच आहे.

मॅगसेसे (१९९६), टेम्पल्टन (१९९७), पद्मविभूषण (१९९९) असे सन्मान दादांना लाभले. कोळीवाड्यातील आजीला यातील एकही नाव कदाचित उच्चारता येणार नाही. तिला ठाऊक आहे ती त्रिकाल संध्या. सकाळी उठताना स्मृती देणाऱ्याला, जेवताना शक्ती देणाऱ्याला आणि निजताना शांती देणाऱ्याला आठवायचे. नातवंडांकडून ती ते म्हणून घेते, मग दिवा मंद करते. आणि मुलाची पाळी उद्याची असेल तर त्याची शिदोरी रात्रीच बांधून ठेवते.